लंबूताईच्या मशीनवर बसवलेलं गाणं

माझं नाव, वय आणि पत्ता वकीलबाईंनी वेगळ्या कागदावर टाइप करून घेतला आहे. तो कागद या पानांच्या वर टाचला आहे. पुढचा सगळा मजकूरही त्यांनी टाइप करून आणला होता, पण तो वाचताना मला वाटत राहिलं की कोणी दुसरीच बाई मेली आहे. म्हणून हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षर लागत नसेल तिथे भाचीला विचारावं.

मी लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण चांगलं आहे (काही बाबतीत नको इतकं चांगलं आहे), आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून, दबावाखाली किंवा नशापाण्यात करत नाही. याआधी कुठे काही लिहून ठेवलेलं सापडलं तर ते रद्द समजावं. वकीलबाईंच्या मसुद्यात "निर्भयपणे" असा एक शब्द होता. तो मी खोडला. त्या म्हणाल्या, "अहो, तो नेहमीचा शब्द आहे." मी म्हटलं, माझा नाही.

येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, आणि लगेच सहीसाठी कागद पुढे करतात. मला ऑपरेशनची भीती वाटते. भुलीची वाटते. पण या दोन्हींपेक्षा जास्त भीती वाटते ती आतल्या खोलीतल्या कपाटाची, आणि ती आजची नाही, सव्वीस वर्षांची आहे. ते कलम आठमध्ये येईल. तिथपर्यंत मला जरा धीर गोळा करू द्या.

कलम १. घर. दुसऱ्या मजल्यावरचं माझं दोन खोल्यांचं घर, गॅलरीसह, मी माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला देते. पुढे तिला "भाची" म्हटलं आहे. न्हाणीघरातला नळ उलट्या बाजूने बंद होतो, हे तिला ठाऊक आहे, पण तिच्याकडे येणाऱ्यांना सांगावं लागेल. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ खुर्ची सरकली तरी झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. त्यांना उलट ठोकून उत्तर देऊ नये. मी एकदा दिलं होतं आणि मग आठवडाभर जिन्यात पाऊल वाजलं की दिवा मालवून बसायचे.

हे घर भाचीच्या हाती लागेलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण कलम आठमध्ये आहे. ते वाचल्याशिवाय तिने पडद्यांची मापं घेऊ नयेत.

कलम २. बँकेत जे असेल ते, हॉस्पिटलचं भागवून, भाचीला. किती आहे ते इथे लिहीत नाही. हा कागद पुढे कोणाकोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

कलम ३. हत्यारं. चौतीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासल्या. माझी स्वतःची आठ हत्यारं आहेत: फ्रेम वाकवायच्या तीन पकडी, बारीक स्क्रू पिळायचे चार पेचकस आणि एक चिमटा. ही सगळी, डब्यासकट, आता माझ्या जागेवर बसणाऱ्या मुलीला द्यावीत. तिला सांगावं की स्क्रू उचलताना श्वास रोखून धरायचा आणि बसवून झाल्यावर सोडायचा. मालकांना माझं काहीही देऊ नये. चौतीस वर्षं त्यांनी मला "अगं ए" अशी हाक मारली. माझं नाव त्यांना पगाराच्या पाकिटावर लिहिण्यापुरतं ठाऊक होतं.

कलम ४. माझे पूर्वीचे यजमान. त्यांनाही काही नाही. आमचं का फाटलं हे लोकांनी बरंच विचारलं आणि मी दर वेळी "जमलं नाही" एवढंच सांगितलं. बरीच कारणं होती. त्यातलं एक लिहून ठेवते. माझ्या कॅसेटवर तेव्हाच्या एका टीव्ही मालिकेचा (ती कलम पाचमध्ये येईल) एकतिसावा भाग होता, डॉक्टरीण पहिल्यांदा कप्तानाला "नाही" म्हणते तो. त्यांनी त्यावर मॅच भरली. मी ओरडले तेव्हा म्हणाले, "त्यात काय, पुन्हा लागेल की." पुन्हा लागला नाही. त्यांची मॅचही हरली होती, हे मला अजूनही बरं वाटतं.

कलम ५. कपाट. आतल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलामागे, लोखंडी कपाट आहे. त्यात एकोणसत्तर कॅसेट आहेत. त्यांच्यावर "शिवणकाम भाग १", "शिवणकाम भाग २" अशी लेबलं आहेत. एकीतही शिवणकाम नाही. भाची कॉलेजात असताना झगा शिवायला शिकायचं म्हणून भाग चार घेऊन गेली होती आणि डोळे एवढाले करून परत आली. तेव्हा तिला अर्धंच सांगितलं. आता पूर्ण सांगते.

आमच्या तरुणपणी आठवड्यातून एकदा एक मालिका लागायची. एक मदतजहाज, त्याचा कप्तान, आणि त्यावरची डॉक्टरीण. डॉक्टरीण हुशार होती, फटकळ होती, आणि तिला कोणी विचारलं नाही तरी ती मत द्यायची. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मालिका लिहिणाऱ्यांनी तिला वादळात समुद्रात टाकलं. का, तर कप्तानाला पुढचं वर्षभर खिन्न चेहरा करून कठड्याशी उभं राहता यावं म्हणून. हे मान्य नसलेल्या आम्ही पाच जणी होतो.

पाचांपैकी दोघी बहिणी-बहिणी होत्या, त्या पुढे लांब राहायला गेल्या. एक मी. एक मास्तरीण, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, आमच्यात वयाने सगळ्यांत मोठी. आणि एक लंबूताई. ती पोस्टात होती आणि इतकी उंच की खिडकीतून गिऱ्हाइकाशी बोलायला तिला वाकावं लागायचं.

आम्ही काय करायचो, तर मालिकेतली चित्रं उचलायची, आपल्या मनासारखी ओळीने लावायची आणि खाली एखादं गाणं घालायचं. संवाद नाहीत, नवं चित्रीकरण नाही. याला आम्ही "गाणं बसवणं" म्हणायचो. तीनचार मिनिटांचं एक गाणं बसवायला दोन महिन्यांचे रविवार जायचे. असं बसवलं की डॉक्टरीण पुन्हा हसायची, चिडायची, कोणाच्या तरी प्रेमात पडायची. पुरुषांना आम्ही बंदी केली नव्हती. ते आलेच नाहीत. डॉक्टरीण गेल्याचं त्यांना विशेष वाटलं नव्हतं.

दर शनिवारी दुपारी मास्तरणीच्या घरी जमायचो. टेबलावर एक टोपली असायची. ज्या कोणी नवं गाणं बसवलं असेल तिने कॅसेट गुपचूप टोपलीत टाकायची. कॅसेटवर नाव नाही, शेवटी नाव नाही, आणि कोणाचं हे विचारायचं नाही. कारण एकीला सासर होतं, एकीला सरकारी नोकरी, एकीला शाळा. मला काहीच नव्हतं, पण घाबरण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते. हा नियम आम्ही आम्हाला वाचवायला केला होता. त्याने काय केलं ते पुढे येईल.

कलम ६. मशीन. कपाटाच्या खालच्या खणात दोन व्हीसीआर आहेत. एकावर कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर भरायची. हवं ते चित्र आलं की भरणाऱ्या मशीनचा पॉज सोडायचा, संपलं की दाबायचा. पण पॉज सोडला की ते मशीन आधी स्वतःहून थोडं मागे सरकतं आणि मग पुढे चालू लागतं. किती मागे, ते प्रत्येक मशीनचं वेगळं. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. माझं मशीन सात चित्रं मागे जायचं, मास्तरणीचं नऊ, लंबूताईचं अकरा. प्रत्येक जोडाशी बारीक झटका दिसायचा. बाहेरच्या माणसाला तो कळत नाही, आमचे डोळे सरावले होते. नाव विचारायचं नाही हा नियम पाळूनही कोणाचं गाणं कोणत्या मशीनवर बसलं आहे हे आम्हा सगळ्यांना कळत असे.

मंगळवारी माझं हृदय काही वेळ थांबवून पुन्हा सुरू करणार आहेत. थांबवून पुन्हा सुरू केलं की मशीन मागे जातं, हे मला चांगलं ठाऊक आहे. किती मागे, ते डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही.

दोन्ही मशीन आणि एकोणसत्तर कॅसेट भाचीला. ती फोनवर गाणी बसवते. मी दोन महिने घ्यायचे ते ती बसमध्ये बसल्या बसल्या करते, आणि माझ्यापेक्षा चांगलं करते. तिला अट एकच. यातल्या निम्म्या कॅसेट माझ्या नाहीत, इतर बायकांच्या आहेत, नकलांच्या नकला होऊन माझ्याकडे आल्या आहेत. जी हयात आहे तिला विचारल्याशिवाय तिचं गाणं इंटरनेटवर कुठेही चढवू नये. विचारल्याशिवाय तिचं नाव घालू नये. आणि तिने हो म्हटलं तर नाव घालायला विसरू नये.

कलम ७. इथे मी भांड्यांबद्दल लिहिणार होते. चार पातेल्यांची वाटणी लिहूनही झाली होती. भाचीने मसुदा वाचला आणि म्हणाली, "मावशी, तू पळतेयस." म्हणून ती वाटणी काढून टाकली. पातेली ज्याला हवी त्याने घ्यावीत.

कलम ८. सव्वीस वर्षांपूर्वी लंबूताई बाळंतपणासाठी आईकडे गेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते, सगळे काळजीत होते. जाताना तिने घराची किल्ली माझ्याकडे दिली, गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला. त्याच महिन्यात मी नवऱ्याचं घर सोडलं होतं. एका भाड्याच्या खोलीत राहत होते आणि माझं मशीन बिघडलं होतं. पाणी घालायला म्हणून मी रोज दुकानातून लंबूताईच्या रिकाम्या घरी जायचे आणि तिच्या मशीनवर बसायचे. तिला विचारलं नाही. परत आल्यावर सांगितलंही नाही. झाडं मात्र जगवली.

तिथे बसून काढलेल्या तीन आठवड्यांत मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. सेहेचाळीस भागांतून मी डॉक्टरणीची पाठ, हात, दारं उघडणं, मागे वळून बघणं असं वेचून काढलं आणि ते असं लावलं की ती बुडत नाही. ती कप्तानाचा कोट खुर्चीवर काढून ठेवते, पेटी उचलते आणि जहाजाची शिडी उतरून स्वतःच्या पायांनी निघून जाते. कप्तानाचा तोच कठड्यावरचा खिन्न चेहरा शेवटी आहे. पण आता ती मेली म्हणून तो खिन्न नाही, ती गेली म्हणून आहे. एकही चित्र मी नवं घेतलं नाही. गोष्ट तेवढी माझी.

लंबूताई परत आल्यावरच्या एका शनिवारी मी ती कॅसेट टोपलीत टाकली; ती बाळाला निजवायला आत गेली होती, तिने ते गाणं धड पाहिलं नाही. ते पाहून झालं. मग मास्तरणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "पुन्हा लावा."

या गाण्याच्या नकला झाल्या. नकला गावोगावच्या आमच्यासारख्या बायकांना पाठवायचं काम मास्तरणीकडे असे. पाकिटावर पत्ता तिचा. कुठेतरी एका हॉलमध्ये ते गाणं तिकीट लावून दाखवलं गेलं, आम्हाला न विचारता, आणि तिथे मालिकेच्या कंपनीचा माणूस होता. कंपनीचं पत्र मास्तरणीच्या घरी आलं नाही, थेट शाळेत आलं, मोठ्या बाईंच्या टेबलावर.

पुढच्या शनिवारी मास्तरणीने ते आम्हाला वाचून दाखवलं. हे कृत्य कोणी केलं ते लेखी कळवा, नाहीतर खटला. पत्र घडी करून ती म्हणाली, "हे कोणाचं ते मी विचारत नाही. नियम आहे आपला. पण कोणाला काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा."

मी कपातल्या चहाकडे बघत राहिले. लंबूताई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, ती रडायला लागली. मला आज कळतं की मास्तरीण तेव्हा लंबूताईकडेच बघत होती. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. कारणं शोधायची तर सापडतील: खोली भाड्याची होती, नोकरी एकटीच्या जिवावर होती, पाठीशी कोणी नव्हतं. पण ती मी नंतर शोधली. त्या वेळी मी घाबरले होते, एवढंच.

मास्तरणीने कंपनीला लिहून दिलं की हे मी एकटीने केलं आणि पुन्हा करणार नाही. तिने स्वतः बसवलेली नऊ गाणी, सात वर्षांचं काम, ते लोक खोक्यात घालून घेऊन गेले. शाळेत तिला मोठ्या बाई होऊ दिलं नाही. तिने पुन्हा कधी गाणं बसवलं नाही. शनिवार बंद झाले. मी मात्र दर महिन्याला तिच्याकडे चहाला जात राहिले आणि दर महिन्याला न बोलता परत आले.

सबब मी लिहून देते की जहाजाची शिडी उतरण्याचं ते गाणं मी केलं आहे, फक्त मी. मास्तरणीने दिलेली कबुली खरी नाही. तिचा त्यात पाकिटावरच्या पत्त्यापलीकडे हात नाही. लंबूताईचा मशीनपलीकडे नाही, आणि तेही तिला न विचारता.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं. "मृत्युपत्रात जे तुमचं आहे तेच देता येतं. चित्रं कंपनीची, गाणं गाणाऱ्याचं. मग तुमचं काय?"

मी म्हटलं, "कुठे सुरू करायचं आणि कुठे तोडायचं, ते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग ते लिहा. पण एक लक्षात घ्या. ती कंपनी आता दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली आहे. इतक्या वर्षांनी कोणी येईल असं मला वाटत नाही. पण येणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. आलेच, तर तुमच्या मागे जे राहील त्याच्यावर येतील."

मागे राहणार ते घर. म्हणून भाचीला विचारणं भाग होतं. ती आधी हसली. "मावशी, मला रोज दोन नोटिसा येतात. व्हिडिओ उडवतात, मी पुन्हा चढवते. आता कोणी कोणाच्या शाळेत पत्र पाठवत नाही." मग तिने माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "घर खरंच जाऊ शकतं?" मी म्हटलं, जाऊ शकतं. तिने दोन दिवस मागितले. भाड्याच्या घरातून तिला दोनदा बाहेर काढलं आहे, तिला दोन दिवस मागण्याचा हक्क होता. तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: "लिही. फ्रिज तेवढा माझ्या नावावर कर, तो मी आत्ताच घेऊन जाते." फ्रिज तिने नेला आहे. दूध मी खिडकीत ठेवते.

कलम ९. कागदावर लिहिण्याआधी तोंडाने सांगावं, म्हणून गेल्या गुरुवारी मी मास्तरणीकडे गेले. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघ्यांनी त्रासलेली, भिंतीवर अजून नकाशा. मी दारातच बोलून टाकलं; आत जाऊन बसले असते तर पुन्हा नुसता चहा झाला असता.

"बाई, ते शिडी उतरणारं गाणं माझं आहे."

ती सफरचंद चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही. ते लंबूचं."

"माझं आहे, बाई."

"अगं, मी मोजलंय. प्रत्येक जोडाला अकरा चित्रं मागे जातंय. लंबूचं मशीन."

"मशीन तिचं. ती बाळंतपणाला गेली होती. किल्ली माझ्याकडे होती."

तिने सुरी खाली ठेवली. मी पुढचं सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "म्हणजे लंबूला माहीतच नाही, मी कोणासाठी सही केली ते?"

मला काही समजेना. मग तीच बोलली. पोस्टातली सरकारी नोकरी, मांडीवर तान्हं मूल, आणि लंबू रडत होती. तिला वाटलं लंबू बोलू शकत नाही, म्हणून आपण सही करावी. केली. आणि वाट पाहिली. "आभार नको होते मला. नुसती येऊन बसली असती तरी चाललं असतं. ती आली नाही. मग मीही बोलणं सोडलं. तिचा नवरा गेला तेव्हासुद्धा गेले नाही मी." ती माझ्याकडे बघत होती, वर्गात बघायची तसं. "आणि तू दर महिन्याला इथे बसून माझा चहा पीत होतीस."

त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत हे मला दिसत होतं. मला वाटायचं, पत्राच्या धक्क्याने मास्तरीण सगळ्यांपासूनच तुटली. का, ते मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बोलणं त्या शनिवारपाशी गेलं असतं.

"तू जा आता," ती म्हणाली. "मला राग यायला वेळ लागतो. पण येणार आहे."

लंबूताईकडे जायचं धाडस झालं नाही, म्हणून फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या घरात बसून? माझ्या मशीनवर?"

"हो, ताई."

"ती माझ्याशी का बोलत नाही, हे मी तुला किती वेळा विचारलं असेल?"

"बरेच वेळा."

"आणि तू काय म्हणायचीस?"

मी म्हटलं, "म्हणायचे, बाईंचा स्वभावच तसा."

फोन बंद झाला. त्यानंतर आलेला नाही.

लोक म्हणतात, खरं बोललं की हलकं वाटतं. मला तसं काही वाटलेलं नाही. पाचावर धारण बसली आहे. दारावरची बेल वाजली की मी आधी भोकातून बघते, आणि कोणाला बघायला जास्त घाबरते, कंपनीच्या माणसाला की लंबूताईला, ते सांगता येत नाही.

कलम १०. मास्तरणीच्या नऊ गाण्यांपैकी सहांच्या नकला माझ्या कपाटात होत्या. दूरच्या बायकांनी कधीकाळी पाठवलेल्या, पुसट, पण आहेत. त्या या मृत्युपत्राने देत नाही. त्या मी काल भाचीबरोबर तिच्याकडे पाठवल्या. मेल्यावर परत करण्यात काही अर्थ नव्हता. भाची सांगते की बाईंनी पिशवी घेतली आणि दार लावलं.

कलम ११. साक्षीदार. वकीलबाई सांगतात की साक्षीदार दोन लागतात, दोघांनी मला सही करताना डोळ्यांनी पाहायला हवं, आणि साक्ष देणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. माझ्याकडून ज्यांना काहीच मिळणार नाही अशा दोघी मला ठाऊक आहेत. बुधवारी चार वाजता या, असं मी दोघींनाही चिठ्ठीने कळवलं आहे. दुसरीलाही बोलावलं आहे, हे प्रत्येकीला स्पष्ट लिहिलं आहे. फसवून बोलावलेलं नाही. दोघींपैकी कोणीही हो म्हणालेलं नाही.

त्या न आल्यास वकीलबाईंच्या कार्यालयातल्या टायपिस्टबाई आणि खालचे झाडूवाले गृहस्थ सही करतील. त्यांना सांगून ठेवलं आहे. गृहस्थ म्हणाले, "तेवढा वेळ खुर्च्या सरकवू नका."

कलम १२. माझ्यामागे कोणी रडायचं असेल त्याने रडावं, सक्ती नाही. दहन की दफन, जे सोयीचं पडेल ते करावं. मी शुद्धीवर आले तर हे सगळं मला पुन्हा तोंडाने निस्तरावं लागेल. त्याचीही भीती वाटते.

लिहून देणारी: (सही)

साक्षीदारांचं निवेदन, साक्षीदार क्र. १ च्या हस्ताक्षरात:

वरील बाईंनी हे मृत्युपत्र आम्हा दोघींदेखत वाचून दाखवलं आणि आमच्या डोळ्यांसमोर त्यावर सही केली. त्यांचा हात फार थरथरत होता, त्यामुळे ही सही त्यांच्या बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. तरी ती त्यांचीच आहे, आम्ही पाहिली आहे. नंतर आम्ही दोघींनी त्यांच्यासमोर आणि एकमेकींसमोर आपापल्या सह्या केल्या. आम्ही त्यांना माफ केलं आहे असा अर्थ यावरून कोणी काढू नये.

साक्षीदार क्र. १: (सही) निवृत्त शिक्षिका

साक्षीदार क्र. २: (सही) निवृत्त टपाल कर्मचारी

स्थळ: लिहून देणारीचं राहतं घर, बाहेरची खोली.

दिनांक: १२ मार्च, बुधवार.

वेळ: चारला बोलावलं होतं. सह्या सव्वासहाला झाल्या. मधला वेळ आम्ही दोघी बोलत होतो. लिहून देणारी तेवढा वेळ आतल्या खोलीत दार लावून बसली होती. हाक मारल्यावर आली.